अंदियामो म्हटल्याशिवाय

घुंगुरमाळेतलं ते एक घुंगरू मुकं — आतला खडा कधीच गळून पडलेला — आणि सारजाची नजर तेवढ्याच घुंगरावर, कारण गाडीत मागं वळून बघायचं धैर्य नव्हतं. मागं पाचटावर वाकळ अंथरून महिपतीला निजवलेलं; परवा उसाला पाणी देता देता नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचाही गेली. बारामतीचा डॉक्टर म्हणे अजून काही करू शकेल... लवकर नेलं तर.

आणि बैल जागचे हलत नव्हते.

दीर हिंदुराव खाली उतरून कासरा झटकून झटकून घामाघूम झाला. "वैनी, दादानं बैलं न्हाईत, सायेब पाळल्यात! दादाचा त्यो सबूद माझ्या जिभंला वळंना, अन् ह्यास्नी मराठी कळंना."

कळणार कसं? लढाईवरून, इटलीहून परतलेल्या महिपतीच्या ट्रंकेत एक ब्लँकेट होतं आणि तोंडात एक शब्द — अंदियामो. "म्हंजी चला, निघू या." ही खोंडं त्यानं त्याच शब्दावर चालायला शिकवली. पाटाचं पाणी सरीत वळलं की अंदियामो, जेवून उठताना अंदियामो, एस्टीत तर कंडक्टरच्या आधी... एकदा तिनं विचारलंच, कुणी शिकविलं म्हणून. "जखमी व्हतो तवा एका घरात ठिवलं व्हतं. म्हातारी व्हती एक." ती म्हातारी सारजाच्या मनात वर्षागणिक तरुण होत गेली. तिचा शब्द आपल्या जिभेवर येऊ द्यायचा नाही — भाकऱ्या थापता थापता ठरवलेलं, आणि पाळलेलंही, उपासापेक्षा कडक.

"वैनी, ऊन चढतंय."

तिनं मागं पाहिलं. महिपतीचा डोळा तिच्यावर होता, बैलांवर नाही. ओठांचा कोपरा कशाभोवती तरी मिटत, उघडत... मी म्हणू? माझ्या तोंडून, तिचा?

"अंदियामो," ती म्हणाली — शेजारणीकडं विरजण मागावं तशी, हळूच.

बैलांचे कान वळले. चाकं कुरकुरली. "आयला!" म्हणत हिंदुराव धावत येऊन गाडीत चढला.

कालव्याच्या कडेनं गाडी चालली तेव्हा पाण्यावरचं ऊन तिच्या डोळ्यांत हलत होतं, आणि वाकळेखालून डावा हात येऊन तिच्या पदराशी थांबला होता... बारामती अजून लांब होती. तिनं तो शब्द पुन्हा म्हटला, नुसता ओठांत, बैलांना नव्हे — आणि कुठल्याशा परक्या दारात एक बाई उभी दिसली, पांढऱ्या केसांची, वाकलेली, हात हलवणारी; खरीच म्हातारी.