माद्रिनाची साक्ष

पॅटरसनच्या मार्केट स्ट्रीटवर एर्मेलिंदा कामारेनाला न ओळखणारा पेरू देशातला माणूस सापडायचा नाही. शनिवारी तिच्या हातचे, मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले तामाले खायचे आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिची बोलणी खायची, हा आमच्याकडचा रिवाजच. गावातल्या कितीतरी जोडप्यांची ती माद्रिना, आणि नवरा तेओफिलो पाद्रिनो.

माद्रिना म्हणजे लग्नातली धर्माची आई, पाद्रिनो म्हणजे धर्माचा बाप. आता कुणाला वाटेल, चर्चमध्ये उभं राहायचं, फोटो काढायचे, केक खायचा, झालं. छे! आम्ही वांकायोची माणसं डोंगर सोडून न्यू जर्सीला आलो, पण पद्धत काही सोडली नाही. नवराबायकोचं वाजलं की आधी माद्रिनाचं घर गाठायचं. ती दोघांना स्वयंपाकघरातल्या फरशीवर गुडघे टेकायला लावते. पाद्रिनो दोघांची खरडपट्टी काढतो. मग दोघांनी एकमेकांची माफी मागायची आणि सगळ्यांनी मिळून कोंबडीचं गरम सूप प्यायचं. आणि एवढं करून लग्न मोडलंच, तर लोक नवऱ्याला विचारत नाहीत, बायकोला विचारत नाहीत. माद्रिनाला विचारतात, “काय हो, तुम्ही काय करत होतात?”

एर्मेलिंदाने लावलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं. आणि मग नेलिदा आणि विल्मरचं मोडलं.

तेही कुणाचं, तर नेलिदाचं! एर्मेलिंदाला स्वतःचं मूलबाळ नाही. वांकायोहून नवी नवरी म्हणून आलेली ही पोरगी पहिल्याच दिवशी तिच्या ओट्याशी उभी राहून म्हणाली होती, “माद्रिना, तुमच्या सॉसमध्ये मिरची कमी आहे.” एर्मेलिंदाच्या सॉसला नाव ठेवायची छाती त्याआधी कुणाची झाली नव्हती. तेव्हापासून बाईचा तिच्यावर जीव जडला तो जडलाच.

भानगड होती ती कार्डाची. विल्मर लहानपणापासून इथला, इथला नागरिक. त्याच्याशी लग्न केलं म्हणून नेलिदाला राहायचं कार्ड मिळालं, पण ते दोन वर्षांचं, अटीचं. अट काढायची तर नवराबायकोने दोघांच्या सह्यांनी अर्ज करायचा. घटस्फोट झाला असेल तर बाईने एकटीने करायचा, आणि लग्न खरं होतं, कार्डासाठी रचलेलं नव्हतं, हे सरकारला पटवून द्यायचं. पटलं तर राहा. नाही पटलं तर उचला बोचकं. नेलिदा दिवसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती आणि संध्याकाळी नर्सिंग शिकत होती. बोचकं उचलायचं तर हे सगळं अर्ध्यावर टाकून.

नेलिदाच्या वकीलबाईंनी एर्मेलिंदाला सांगितलं, “तुम्ही त्या दोघांना जवळून पाहिलंय. जे डोळ्यांनी पाहिलं, ते लिहून द्या.”

झालं! बाई घरी आली, तेओफिलोला चष्मा लावून टेबलाशी बसवला आणि स्वतः कमरेवर हात ठेवून सांगू लागली. “लिही. त्यांच्यात कधीही भांडण झालं नाही.”

तेओफिलोने पेन खाली ठेवलं. “अगं, आणि ते बूट?”

“कुठले बूट?”

“विल्मरचे. फुटबॉलचे. तिने खिडकीतून बर्फात फेकले होते ते. मीच तर काठीने उकरून काढले.”

“फेकले नव्हते. पडले होते.”

“दोन्ही?”

“म्हाताऱ्या, तू लिहितोस की मी दुसरं कुणी बघू? लिही. कबुतराच्या जोडीसारखे राहायचे. एकमेकांना कधी उलट शब्द बोलले नाहीत.”

“मग वेगळे कशाला झाले, असं कुणी विचारलं तर?”

“सरकार असले आगाऊ प्रश्न विचारत नाही.”

आता तिला खोटं बोलायची हौस होती का? मुळीच नाही. पण भांडणं होत होती असं लिहायचं म्हणजे माद्रिनाला ती मिटवता आली नाहीत असंच लिहायचं की! आणि पोरीचं वाईट कशाला सांगायचं सरकारला? तिच्या मते चांगलं लग्न म्हणजे बिनभांडणाचं लग्न, आणि खरं लग्न म्हणजे चांगलं लग्न. वकीलबाईंनी कागद वाचला, भुवया चढवल्या, विचारलं, “हे सगळं खरं आहे ना?” एर्मेलिंदा म्हणाली, “अगदी!” आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

नेलिदाला मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि पत्र देणाऱ्या माद्रिनालाही बरोबर आणा म्हणून निरोप आला. तिघं नेलिदाच्या गाडीतून नेवार्कला निघाले. एर्मेलिंदाने चर्चचा काळा कोट घातला होता आणि मांडीवर तामाल्यांचा डबा घेतला होता.

“माद्रिना, तिथे आत डबा नेऊ देत नाहीत,” नेलिदा म्हणाली.

“आत कशाला? तुला भूक लागेल म्हणून. सकाळपासून काही खाल्लं नाहीयेस. तोंड बघ आरशात.”

“गाडी चालवतेय. आरशात मागचं बघू की तोंड बघू?”

“बघ, बघ, जीभ कशी चालते. आत असं बोलू नकोस हं. गोड बोल.”

नेलिदा हसली, पण सिग्नल हिरवा झालेला तिला दिसलाच नाही; मागच्याने हॉर्न दिला. तेओफिलो मागून म्हणाला, “विल्मर येतो म्हणत होता. तू नको म्हणालीस म्हणे?”

“त्याने पत्र दिलंय, पुरे झालं. माझ्यासाठी त्याने कामावर दांडी का मारायची?” नेलिदा म्हणाली.

इमिग्रेशनच्या ऑफिसात नेलिदाला आणि वकीलबाईंना आधी आत नेलं. एर्मेलिंदा बाहेरच्या खुर्चीवर बसून जपमाळ ओढू लागली. शेजारी तेओफिलो डुलक्या घेऊ लागला. माळ संपली, दुसरी झाली, तरी दार उघडेना. एवढा वेळ काय विचारतायत पोरीला? शेवटी दार उघडलं आणि नेलिदा बाहेर आली ती रडून लाल झालेली. एर्मेलिंदा उठून तिच्याकडे धावली, तोच आतून तिचंच नाव पुकारलं गेलं.

आत टेबलामागे एक पोक्त गृहस्थ बसले होते. टेबलावरच्या फोनमधून एक पुरुष स्पॅनिशमध्ये भाषांतर करत होता. खरं सांगण्याची शपथ झाली. साहेबांनी कागद पुढे ओढला.

“बाई, तुम्ही लिहिलंय की या जोडप्यात कधी भांडण झालं नाही.”

“हो, साहेब.”

“अर्जदार आत्ता सांगून गेल्या की खूप भांडणं व्हायची.” साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “दोघींपैकी कुणीतरी एक खरं बोलत नाहीये. कोण?”

फोनमधला माणूस तेवढ्याच शांतपणे ‘कोण?’ म्हणाला. अरे देवा! पोरीने खरं सांगितलं होतं आणि हिच्या कागदाने तिला खोटं पाडलं होतं. माद्रिनाची अब्रू राखायला निघाली आणि पोरीच्याच पायावर धोंडा पाडला. वकीलबाई खाली बघत होत्या.

“मी,” एर्मेलिंदा म्हणाली. “मी खोटं लिहिलं, साहेब. भांडायची की! भरपूर भांडायची.”

“मग असं का लिहिलंत?”

“मी त्यांची माद्रिना आहे. त्यांची भांडणं हा माझा पराभव.” आणि एकदा तोंड उघडल्यावर बाई थांबते कसली! विल्मर रविवारी फुटबॉलला जायचा आणि रात्रीपर्यंत मित्रांत रमायचा, ते सांगितलं. नेलिदा चार गोष्टी सुनावायची आणि तो आठवडाभर मौनात जायचा, तेही. तिचा वाढदिवस तो विसरला, ते पहिलं भांडण. बूट खिडकीतून गेले, ते दुसरं. “पडले नव्हते साहेब, फेकले होते. दोन्ही. नेम धरून.” दोन्ही वेळा दोघांना फरशीवर बसवलं, माफी मागायला लावली, सूप पाजलं. दुसऱ्या वेळी तर विल्मरने आपल्या वाटीतला कोंबडीचा तुकडा उचलून तिच्या वाटीत टाकला होता. एर्मेलिंदाला वाटलं होतं, आपण जिंकलो.

“मग पुढे?” साहेबांनी लिहायचं थांबवलं होतं.

पुढचं तिने कधी पाद्र्यालाही सांगितलं नव्हतं. तेओफिलो थट्टेने म्हणाला होता, सरकारशी वाकडं बोललीस तर तुझं नागरिकत्वही काढून घेतील. ती थट्टा आत्ता तिला थट्टा वाटेना. पण बाहेर खुर्चीवर ती पोरगी रडून लाल होऊन बसली होती.

“तिसऱ्या वेळी ती दोघं आपणहून आली,” ती म्हणाली. “मी न सांगता गुडघे टेकून बसली. भांडण नव्हतं. म्हणाली, माद्रिना, आमचं जमत नाही. लग्नाला आशीर्वाद दिलात, तसा वेगळं व्हायलाही द्या. तेव्हा दोघांनी मिळून अर्ज करायला थोडेच महिने उरले होते, साहेब. मला ते माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“मी म्हटलं, वेडे आहात का? कळ काढा. एका छताखाली राहा, सह्या करा, कार्ड येऊ दे, मग जा जिकडे जायचं तिकडे.”

फोनमधला माणूस भाषांतर करता करता अडखळला. वकीलबाईंनी डोळे मिटले. साहेब सावकाश म्हणाले, “म्हणजे तुम्ही त्यांना कार्डासाठी नवराबायको म्हणून राहायला सांगितलंत.”

“हो. मीच. आणि विल्मर लगेच तयार झाला. पोरगा मनाने चांगला आहे, साहेब. म्हणाला, करतो मी सही, काय जातंय माझं?” एर्मेलिंदाने दाराकडे बोट दाखवलं. “हिने ऐकलं नाही. माझ्या फरशीवर बसून मलाच म्हणते, माद्रिना, मी या माणसाशी लग्न केलं ते मला तो आवडला म्हणून. आता शेवटचे महिने कार्डासाठी काढले, तर आधीचंही सगळं कार्डासाठीच होतं असं होईल. मी तसं होऊ देणार नाही. मी खूप ओरडले, रागाने आशीर्वादही दिला नाही. ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. तेओफिलोने दिला.”

एर्मेलिंदाने कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

“कुणाला शिक्षा करायची असेल तर मला करा. खोटं बोलायला मी सांगितलं होतं. ती बोलली नाही. त्या लग्नात सगळ्यात खरं माणूस कुणी असेल तर तीच.”

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. “बाई, तुमचं आणि त्यांचं आता नातं काय? लग्न तर संपलं.”

“लग्न संपलं. मी कुठे संपले?”

फोनमधल्या माणसाने हे भाषांतर जरा जास्तच मन लावून केलं असावं, कारण साहेब किंचित हसले. “मला आणखी काही विचारायचं नाही,” ते म्हणाले, आणि नेलिदाला पुन्हा आत बोलावलं. ती एर्मेलिंदाच्या शेजारी उभी राहिली, हात घट्ट धरून. साहेब म्हणाले की अर्ज मंजूर करतोय, दहा वर्षांचं कार्ड पोस्टाने घरी येईल. मग एर्मेलिंदाकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही, बाई, यापुढे शपथेवर कबुतरं लिहीत जाऊ नका.”

बाहेर आल्यावर तेओफिलोला हलवून जागं करावं लागलं. बातमी ऐकून तो आधी जिन्यात बसला, मग उठून दोघींना मिठी मारली, आणि मग पुन्हा बसला.

गाडीपाशी येऊन नेलिदाने विचारलं, “माद्रिना, तुम्ही आत सांगितलंत तरी काय? वकीलबाई माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या.”

“काय सांगणार? तू माझं ऐकत नाहीस, तेवढंच सांगितलं.”

“कधीचं?”

“त्या दिवशीचं.”

एर्मेलिंदाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “बरं झालं नाही ऐकलंस,” ती म्हणाली. एवढं बोलायला तिला दीड वर्ष लागलं होतं. “मी आशीर्वाद अडवून ठेवला. चूक केली.” आणि तिथेच, पार्किंगमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तिने पोरीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. नेलिदा लहान मुलीसारखी रडली, आणि तेओफिलो उगाचच गाडीचे टायर तपासत बसला.

मग एर्मेलिंदाने पर्समधून फोन काढला. “थांबा, त्या दुसऱ्यालाही कळवते. तोही माझाच आहे.”

घंटा जेमतेम वाजली आणि विल्मरने उचलला. फोन हातातच धरून बसला असावा. “माद्रिना? काय झालं?”

“मंजूर झालं रे, बाळा.”

पलीकडून काहीच आवाज येईना. “हॅलो? विल्मर? अरे बोल की!” एर्मेलिंदा कावली. “बघा, आजसुद्धा याची बोबडी वळलीय.”

“आणा इकडे,” नेलिदाने तिच्या हातातून फोन घेतला आणि गाडीच्या टपावर कोपर टेकून उभी राहिली. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. तिला तो ओळखीचा होता. बोल म्हणून तिने टोचलं नाही, ओरडली नाही. त्याचं रडणं आवरेपर्यंत थांबली.

“झालं, विल्मर,” ती हळूच म्हणाली. “सगळं नीट झालं. सकाळपासून काही खाल्लं नसशील तूही. आता जेवून घे.”