अठ्ठाविसाव्या दिवसाचा ठोकळा

मी काँक्रीटचा ठोकळा बोलतोय. लांबी-रुंदी वीतभरही नाही, वजन मात्र आठ किलो. देवगाव फाट्याजवळच्या एका गावात पाण्याची उंच टाकी उभी राहतेय, तिच्या खांबांचा मी नमुना. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून मला यंत्रात दाबायचं. मी टिकलो तर खांब पक्के, असं सगळे धरून चालतात.

नागेशसाहेब तिथले प्रोजेक्ट मॅनेजर. मॅनेजर म्हणजे खुर्चीत बसून हुकूम सोडणारा, असं कुणाला वाटत असेल तर त्याने यांचा दिवस पाहावा. सकाळी सातला मजुरांची हजेरी, मग सिमेंटची गाडी कुठे अडली त्याची चौकशी, भिंतीवरच्या तक्त्यात कामांच्या तारखा सरकवणं, आणि मध्येच हेड ऑफिसचा फोन आला की "होतंय सर". डबा बहुतेक तसाच घरी परत जायचा. माणूस वाईट नाही.

खांब भरले त्या दिवशी मिक्सर दोनदा बंद पडला. माल घट्ट व्हायला लागला, तेव्हा त्यात भरमसाट पाणी ओतून तसाच खांबात ढकलला. जास्त पाण्याने काँक्रीट कमजोर होतं. काम थांबवलं असतं तर तारीख हुकली असती. मग साहेबांनी नमुन्याच्या ठोकळ्यांसाठी दोन घमेली चांगला माल वेगळा कालवायला लावला.

"सायेब, ह्यो माल खांबातला न्हाई," सूर्यभान मिस्त्री म्हणाले.

"मला माहीत आहे, मिस्त्री. साचे भरा."

असा मी जन्मलो, खोटी साक्ष द्यायला.

खांबांवर पाणी मारायला गावातल्या चांगुणाबाई होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "सायेब, टाकीखाली लय गार सावली पडंल. अंगनवाडीची लेकरं हितंच बसवायची म्हनायलेत."

त्यानंतर साहेब रोज आम्हा ठोकळ्यांच्या हौदाशी येऊन माझ्यावरची तारीख वाचायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

आज अठ्ठाविसावा दिवस. परभणीच्या एका प्रयोगशाळेत माझ्या दोन भावांना दाबून झालंय. "लय दनकट माल हाय," यंत्रावरचा माणूस म्हणाला. आता मला आत ठेवलंय, साहेब समोरच उभे आहेत. अहवालावर सही झाली की सोमवारी खांबांवर टाकीचं काम सुरू होणार.

फुटायची मला भीती नाही, त्यासाठीच मला केलंय. पण साहेब, माझा आवाज इथे कुणाला ऐकू येत नाही, तुमचा येईल. खऱ्या खांबातला तुकडा काढून तपासा, एवढंच सांगा. तारीख जाईल, कदाचित नोकरीही जाईल. यंत्र अजून सुरू झालेलं नाही.

साहेबांनी घड्याळात पाहिलं.

"जरा लवकर आटपा," ते म्हणाले, "चारला मीटिंग आहे."