संपतचं परमिट

सोमवारी सकाळीच अंदाज मोबाईलवर आला. मराठवाड्यात पुढचे पाच दिवस तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस, ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर वेगाने वारे, जालना जिल्ह्याला यलो अलर्ट. टेंभुर्णीकडच्या सहा गावांचा वायरमन संपत याने तो वाचला आणि मोबाईल खिशात टाकला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याला एवढं पक्कं कळलं होतं, की तुरळक ठिकाण म्हणजे आपलीच सहा गावं.

झालंही तसंच. सकाळी अंगाची लाही करणारं ऊन, दुपारी आभाळ भरून यायचं, वारं सुटायचं, कुठली तरी फांदी तारेवर पडायची आणि सहा गावांतले पंखे थांबायचे. पाऊस म्हणाल तर चार थेंब, तेही धुळीत जिरायचे. मग फोन सुरू. "संपतराव, लाईट कधी येईल?" जणू लाईट त्याच्या डब्यात भाकरीखाली ठेवलेली होती. मंगळवारी तो तीन खांब चढला, बुधवारी पाच. बुधवारी संध्याकाळी नवा अंदाज आला, अलर्ट आणखी तीन दिवस. त्याच्यात चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

त्यात गुरुवारी चार वाजता अंबडचे पाहुणे यायचे होते, त्याच्या पोरीला, प्रियदर्शनीला पाहायला. मागे भोकरदनचे आले तेव्हा संपत खांबावर होता. ते चहा पिऊन गेले आणि पोरीच्या बापाला वेळ नाही म्हणून नकार कळवला. म्हणून या खेपेला बायकोने, वंदनाने, त्याला सकाळीच बजावलं, "काहीबी होऊ द्या, चारला घरात पाहिजे तुम्ही."

"बराबर चारला येतो," संपत म्हणाला.

एक वाजता वाऱ्याने माळावरच्या लिंबाची फांदी मोडून तारेवर टाकली. संपतने सबस्टेशनला फोन लावला आणि ऑपरेटर कल्याणकडून लाईन बंद करून परमिट घेतलं. परमिटचा नियम साधा आहे. ज्याने लाईन बंद करायला लावली, त्यानेच स्वतःच्या तोंडाने 'क्लिअर' म्हणायचं. तोवर कुणीही सांगो, ऑपरेटरने स्विचला हात लावायचा नाही. कारण तारेवर माणूस असतो.

फांदी तोडून, तुटलेली तार जोडून संपत तीनला खाली उतरला. पाहतो तर मोबाईल बंद. रात्री घरी लाईट नव्हती आणि उरलीसुरली बॅटरी सहा गावांनी फोन करकरून संपवली होती. म्हणजे आता सहा किलोमीटर सबस्टेशनला जायचं, कल्याणला समोर उभं राहून सांगायचं आणि तिथून घर गाठायचं. वेळ होता. पाणी पिऊन पाच मिनिटं टेकावं म्हणून तो लिंबाखाली बसला. थकलेल्या माणसाची पाच मिनिटं फार लबाड असतात.

डोळे उघडले तेव्हा सावली पार दुसरीकडे गेली होती. शेजारी पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा निवांत बसला होता.

"कोण?" संपत दचकून उठला.

"अंबडचा काकासाहेब. तुमच्या पोरीला पाहायला आल्तो, माझ्या लेकासाठी. सव्वापाच झालेत."

पोरीचं दुसरं स्थळ आपण झोपेत घालवलं, एवढंच संपतच्या मनात आलं. त्याने हात जोडले. "पाहुणे, चुकलं माझं. डोळा लागला."

"बसा. तुमच्या घरी पत्र्याखाली नुसती भट्टी. मीच चार बार सबस्टेशनला फोन केला, लई बोललो. तो गडी म्हणला, संपतभाऊ तारेवर असतील, त्यांचा आवाज ऐकल्याबिगर मी लाईन न्हाई सोडणार, तुम्ही कोन्हीबी असा. तुमचा फोन बंद. मंग मी अन् लेक तारेखालून गाडी घेऊन निघालो. तुम्ही दिसले. लेकाला तुमच्या घरी सांगाया धाडलं, मी थांबलो."

"उठवायचं ना मंग मला."

"उठवणार व्हतो. तुमचं तोंड पाह्यलं. म्हणलं, सहा गावांना अजून अर्धा घंटा घाम येऊ द्या."

काकासाहेबांच्या फोनवरून संपतने कल्याणला फोन लावला. त्याचा आवाज ऐकताच कल्याण म्हणाला, "भाऊ, असं नका करत जाऊ."

"लाईन क्लिअर. सोड," संपत म्हणाला. मग भीत भीत काकासाहेबांकडे वळला. "पोरगी पाह्यली का?"

"पाह्यली. चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं अन् नजर वर पंख्याकडं. मी म्हणलं, बाई, गरम होऊन राह्यलं का? तर म्हणली, न्हाई. आमच्याकडं पंखा फिरला की समजतं, पप्पा खाली उतरले."

पंचवीस वर्षं संपतला वाटत आलं होतं, की लाईट गेली की घरचेही इतरांसारखेच वैतागतात. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

"पोरगी पसंत हाय आम्हाला," काकासाहेब म्हणाले. "तिला आम्ही पसंत हावोत का, तेवढं इचारा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेक संपतच्या घरून बोलत होता. काकासाहेब ऐकत राहिले, मग फोन ठेवून टोपी काढून हातात धरली.

"काय म्हणले?" संपतने विचारलं.

"पंखा फिरला म्हणतो. अर्ध्या घंट्यापासून तो सांगून राह्यलाय, सापडले, झोपलेत, काही झालं न्हाई. पोरीला पटेना. पंख्याखाली उभीच व्हती. आत्ता बसली." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "मी उगंच थांबलो, संपतराव. चला जल्दी."