आधी स्क्रू, मग झाडू

नावाड्याने बांबू चिखलात रोवला, अंगाचा सगळा भार टाकून होडी पाण्यात ढकलली, आणि नेमका त्याच क्षणी काठावर कॅमेरा लावून उभ्या असलेल्या मुलीचा डावा हात वर गेला. दोन बोटं जुळलेली, तळवा बाहेर. हात तिने काही ठरवून उचलला नव्हता. पण नावाड्याने तो पाहिला, बांबू सोडला, सदरा खाली ओढला, हनुवटी वर केली आणि कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभा राहिला. होडीला फोटोचं काय? ती दोन बायका आणि एक सायकल घेऊन एकटीच निघाली.

"निघाला का?" त्याने ओठ न हलवता विचारलं.

तिने खटका दाबला. आता दाबला काय आणि न दाबला काय. नावाडी गुडघाभर पाण्यातून होडीमागे धावला, होडीतल्या बायकांनी त्याचा आणि तिचा मिळून उद्धार केला, आणि ती मान खाली घालून स्टँडचे पाय मिटायला लागली.

सोमवारी फोटोग्राफीच्या वर्गात सरांनी तिचे सगळे फोटो टेबलावर ओळीने मांडले. नावाडी, डांबर पसरणारे मजूर, मेंढ्यांमागची म्हातारी, झाडावरून उतरता उतरता मध्येच थांबलेला मध काढणारा. सगळे ताठ, सगळ्यांचे दोन्ही कान सारखे दिसणारे. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, या सगळ्यांच्या पासपोर्टची सोय झाली, आता व्हिसाचं बघा. वर्ग खो खो हसला. तीही हसली, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

सरांचं सगळं आयुष्य उघड्यावर गेलेलं. डोंगरात पडून एक गुडघा कामातून गेला होता, तरी माणूस घरात टिकत नव्हता. पावसाळा सरला की ते मेंढपाळांबरोबर आठ महिने डोंगर हिंडणार होते आणि मदतनीस म्हणून वर्गातल्या एकाला नेणार होते. अट एवढीच, की दहा फोटो आणायचे, उघड्यावर जगणाऱ्या माणसांचे, आणि त्यांच्यातल्या कुणालाही फोटो निघतोय याचा पत्ता नसावा. ती जागा तिला इतकी हवी होती, की घरी तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर सरांनी तिला थांबवलं आणि विचारलं, हा हात कुठून आला?

हात बाबांचा होता. बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'हलूनका' म्हणत. फ्लॅशवर त्यांचा विश्वास नव्हता. फ्लॅशने माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस फोटोत चोर दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दोन मोठे दिवे, सावकाश चालणारा खटका, आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाने दगड होऊन बसायचं. डावा हात वर जायचा, "हलू नका" म्हटलं जायचं, खटका वाजायचा. बत्तीस वर्षांत यात काडीचाही बदल झाला नव्हता. खोलीला एक खिडकी होती, तीही त्यांनी विटांनी बुजवून टाकली होती, कारण बाहेरचा उजेड लहरी. फोटोच्या वेळी पंखाही बंद, कारण पडदा हलतो.

गेल्या वर्षी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. लेन्सची कडी त्यांच्या बोटांत ठरेना. तेव्हापासून वर्गाचे तास सोडले तर सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत कॅमेऱ्यामागे ती. तेच स्टूल, तोच पडदा, तेच दोन कान. शटर वर करताना जेवढं आभाळ दिसेल तेवढंच तिच्या वाटणीचं. तिचा जीव गुदमरायचा, आणि तसं म्हणायचीही सोय नव्हती. कारण 'थांब' असं बाबांनी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. 'जा की, मी कोण अडवणार?' असंच ते म्हणायचे, आणि मग थरथरता हात दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरायचे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्टँड घरी ठेवून ये. डावा हात लेन्सखाली धर. त्याला काम मिळालं की तो वर जायचा नाही. आणि माणसाला थांबवू नकोस, तू चाल त्याच्याबरोबर."

सांगणं सोपं होतं. रविवारी दुकान दहाला उघडायचं, तेवढी सकाळ तिच्या हातात. पहिल्या रविवारचे सगळे फोटो वाया गेले. दुसऱ्या रविवारी हात खाली राहिला, पण तोंडाने "हलू नका" निघून गेलं आणि डांबराची गाडी ढकलणारे पाच मजूर पाठमोरे थिजले. तिसऱ्या रविवारी ती पुन्हा नदीवर गेली. नावाड्याने तिला ओळखलं आणि लांबूनच सांगितलं की आज हात खिशात घाला ताई, माझी होडी परत पळवू नका. ती हसत उतारावरून खाली येत होती, तेवढ्यात पाय घसरला आणि ती बसल्या जागी चिखलात आपटली. कॅमेरा वाचवायला तो दोन्ही हातांनी घट्ट धरला गेला. समोर नावाडी बांबूवर ओणवा झाला होता, बांबू वाकला होता, पाणी उडत होतं, आणि तो तिच्या पडण्याला तोंड भरून हसत होता. तिने बसूनच खटका दाबला.

फोटोच्या कडा हलल्या होत्या. बांबूचं एक टोक तर दिसतच नव्हतं. सरांनी तो हातात घेतला आणि टेबलाच्या उजवीकडे वेगळा ठेवला. ती घरी आली ती उड्या मारतच.

बाबांनी तो फोटो दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला.

"हललाय," ते म्हणाले.

"हो."

"मग छापलास कशाला?"

आई मागच्या बाजूला कटरवर पासपोर्टचे फोटो कापत बसायची. तिथूनच ती म्हणाली, जिवंत माणूस आहे, हलणारच. बाबांना ते आवडलं नाही. त्यांनी फोटो पालथा घालून ठेवला.

त्याच आठवड्यात एक पेंटर शिडी घेऊन दारात आला. बाबांनी त्याला परस्पर बोलावलं होतं. पाटीवर दुकानाच्या नावाखाली जागा होती, तिथे त्याने लाल रंगात 'आणि कन्या' असं लिहिलं. जमीन उतरती असल्यामुळे शिडी डगमगत होती. ती धरून उभं राहायचं काम तिच्याकडेच आलं. येणारे जाणारे थांबून अभिनंदन करून गेले, आणि बाबा सगळ्यांना सांगत होते की आता आपण म्हातारे झालो, पुढचं पोर बघेल. तिचे हात शिडीला होते म्हणून बरं, नाहीतर त्यांचं काय करावं हे तिला सुचलं नसतं.

शेवटी दहा फोटो झाले. सरांनी त्या जागेसाठी तिचं नाव पुकारलं, आणि मग घरी सांगावंच लागलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाबा म्हणाले, "जा की, मी कोण अडवणार?"

पुढचे दहा दिवस ती दुकान बाबांच्या हाताजोगं करत होती. स्टुलाचे पाय जमिनीला पक्के बसवले, म्हणजे अंतर बदलायला नको. स्टुलावरचा माणूस स्वच्छ दिसेल अशा जागी लेन्सची कडी काळ्या टेपने चिकटवून टाकली. कॅमेऱ्याला बटणाची वायर जोडली आणि ती बाबांच्या खुर्चीपर्यंत आणली. आता त्यांनी फक्त वायरच्या टोकाचं बटण दाबायचं. हात कितीही थरथरला तरी कॅमेऱ्याला त्याचा पत्ता लागायचा नाही. बाबा हे सगळं बघत होते आणि लहान मुलाच्या खेळण्याला म्हणावं तसं 'छान, छान' म्हणत होते. गिऱ्हाईक आलं की मात्र म्हणायचे, आज तूच काढ, मी उद्यापासून.

दहाव्या दिवशी चार वाजेपर्यंत जाण्याचा अर्ज वर्गाच्या संस्थेत द्यायचा होता. जेवणं झाल्यावर तिने तो शेवटचा नजरेखालून घातला आणि वरच्या कोपऱ्यातला रिकामा चौकोन तिला दिसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फोटोवाल्याची मुलगी, आणि तिचा स्वतःचा शेवटचा फोटो शाळेतला, दोन वेण्यांचा. एका परीने बरंच झालं, तिला वाटलं. बाबांची पहिली परीक्षा घरातल्या घरात होईल. हा फोटो नीट आला की दुकान त्यांचं त्यांना चालवता येतं हे त्यांनाही कळेल, आणि तिला मोकळ्या मनाने निघता येईल.

तिने दिवे लावले, पंखा बंद केला, वायर बाबांच्या हातात दिली आणि स्टुलावर बसली.

पहिला फोटो हलला. चेहऱ्याला दोन-दोन कडा. बाबांनी उजवा हात वर करून तिला दाखवला आणि 'हा बघ' एवढंच म्हणाले. दुसराही हलला. तिसऱ्यात तर डोळे चार दिसत होते.

"जमत नाही गं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि ती तिला स्पष्ट ऐकू आली.

सव्वातीन झाले होते. समोरचा झेरॉक्सवाला मोबाईलवर दोन मिनिटांत फोटो काढून द्यायचा. पण हलूनकाची पोर समोरच्या स्टुलावर बसली, हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं आणि बाबांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिच्याच्याने ते होईना. घामाने तिचा सदरा पाठीला चिकटला होता आणि बुजवलेल्या खिडकीच्या विटा तिला कधी नव्हे इतक्या जवळ वाटत होत्या.

ती स्क्रीनवरचा तिसरा फोटो बघत राहिली. मग तिचं लक्ष मागच्या पडद्याकडे गेलं. पडद्याची शिवणही दोन दिसत होती. स्टुलाची कडही दोन. माणूस हलला तर एकटा माणूस हलतो. पडदा हलायला पंखा कुठे चालू होता?

ती उठून स्टँडपाशी गेली आणि तिने कॅमेऱ्याला बोट लावलं. कॅमेऱ्याने मान डोलावली. त्याला स्टँडला धरून ठेवणारा खालचा स्क्रू दोन आटे सैल होता. वायरला जरा हिसका दिला की कॅमेरा हलणारच.

तो स्क्रू तिने सकाळी आवळला होता. रोज आवळायची. नऊ वर्षांची असताना बाबांनीच तिला ते शिकवलं होतं, की दुकान उघडलं की आधी स्क्रू, मग झाडू. दिवसभरात त्याला कुणी हात लावायचं कारणच नव्हतं.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे बघत होते. मागे कटरचा आवाज थांबला होता.

तिला राग आला. नुसता राग नाही, रडू येईल असा राग. पण तो टिकेना. तो स्क्रू नखाएवढा होता. ती भांडी घासायला मागे गेली असताना, त्या हाताने, तो धरायला त्यांना किती वेळ लागला असेल, किती वेळा बोटं निसटली असतील, हे तिला दिसत राहिलं. बत्तीस वर्षं ज्या माणसाने गल्लीतल्या चिटपाखराला हलू दिलं नाही, त्याने आज आपल्या हाताने तीन फोटो हलवले होते.

त्यांच्या देखत तिने स्क्रू आवळला, अगदी सावकाश, शेवटच्या आट्यापर्यंत. कॅमेरा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. मग वायर पुन्हा बाबांच्या हातात दिली आणि स्टुलावर जाऊन बसली.

बाबा उठले, तिच्यासमोर आले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची करायचे तशी त्यांनी तिची हनुवटी दोन बोटांनी सरळ केली. ती थरथर तिला जबड्यापर्यंत जाणवली. कपाळावरची बट त्यांनी कानामागे सारली, ती पुन्हा पुढे आली, पुन्हा सारली.

ते खुर्चीपाशी गेले. वायर उजव्या हातात घेतली, सैल, कुठे ताण नाही अशी. डावा हात वर केला. दोन बोटं जुळलेली, तळवा बाहेर.

"हलू नकोस," ते म्हणाले.

हे त्यांनी फोटोसाठी म्हटलं नव्हतं. फोटोच्या वेळचा आवाज ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती, हा तो नव्हता. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते मिटले नाहीत. श्वास धरला आणि बाबांच्या त्या वर केलेल्या हाताकडे बघत बसून राहिली.

खटका वाजला. तो वाजून पुरा होईपर्यंत ती हलली नाही. मग उठली.

बाबा स्क्रीनकडे वळलेही नाहीत. बत्तीस वर्षं त्यांना फोटो कानाने कळत आला होता.

"आलाय," ते म्हणाले. "कापायला दे."

आणि पंखा लावायला ते स्वतः गेले.