नखभर जागा

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. मित्रांनो, आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. ज्याच्या पोटात कोणी आठ स्क्रू पिळले, ते गोड कसे बोलेल?

एका म्हाताऱ्या सुताराने मला लेकीच्या लग्नासाठी घडवले. चांगले वाळलेले सागवान निवडले. पायांना खाचा पाडून आडव्या पट्ट्यांची टोके त्यांत घट्ट बसवली आणि लाकडी खुंट्या मारल्या. एकही खिळा नाही! वर जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. माझी वरची फळी मात्र त्याने मुद्दामच जखडली नाही. खालून लाकडी ठोकळ्यांनी धरली आणि नखभर सरकायला जागा सोडली, कारण लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. "हे माझ्या हातचं शेवटचं टेबल," तो लेकीला म्हणाला. "आता हात थरथरतो."

बारा वर्षे मी निमूटपणे राबले. गरम पातेली सोसली, गृहपाठ करणाऱ्यांचे ओरखडे सोसले. पण सुतारबाबांच्या जावईबापूंपुढे मी हात टेकले! एका दमट दिवशी ते मला पुसत असताना फळी जराशी सरकली. झाले! "तुझ्या बाबांनी काम ढिलं ठेवलंय," ते बायकोला म्हणाले.

"अहो, बाबांना विचारा तरी."

पण कसले विचारतात! ती बाहेर पडताच त्यांनी मला उलटे केले, खालून आठ स्क्रू पिळले आणि स्वतःवरच खूश झाले.

पुढे हवा कोरडी झाली. मला आकसायचे होते, पण स्क्रू हलू देईनात. शेवटी ऐन जेवणाच्या वेळी मी काडकन तडकले.

"बघ! मी म्हणत नव्हतो? देऊन टाकू भंगारात."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. वडिलांच्या शेवटच्या कामाला नावे ठेवलेली तिला सोसवेनात. तिने खाली वाकून पाहिले आणि शांतपणे विचारले, "अहो, हे स्क्रू कोणी लावले?"

जावईबापूंना जोराचा ठसका लागला.

सुतारबाबा आले. ते रागावले नाहीत, याचाच मला राग आला. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर जावयाच्या हाती दिला. "तुम्ही लावलेत, तुम्हीच काढा." शेवटचा स्क्रू निघाला तशी भेग निम्मी मिटली. उरलेली भेग वाढू नये म्हणून त्यांनी तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा खाच पाडून बसवला. हात इतके थरथरत होते की त्या कामाला तीन दिवस लागले. जावईबापू पूर्ण वेळ दिवा धरून उभे होते.

मित्रांनो, दिसेल ती फट बुजवत सुटू नका. ज्याने वस्तू घडवली त्याला आधी विचारा, तो आहे तोवर.

परवा मला पुसताना फळी पुन्हा सरकली. जावईबापूंचा हात अवजारांच्या खणाकडे गेला. माझा जीव टांगणीला! मग त्यांनी खण बंद केला आणि फोन उचलला. "बाबा, एवढी सरकली तर चालते ना?"

एवढे विचारायला माझी छाती फाटावी लागली!