गल्लीभर पिठाची मालकीण

सात महिन्यांत स्मारांदाने तीन वह्या भरल्या होत्या आणि तिन्हींत नुसते दगड होते. रुमानियातल्या डोंगरी खेड्यातली ही वीस वर्षांची पोर जेरुसलेमला वर्षभरासाठी शिकायला आलेली. विषय ख्रिस्ती आणि यहुदी पवित्र स्थळं. दर आठवड्याला एक स्थळ बघायचं आणि मनात काय आलं ते लिहून द्यायचं. आता मनात काय येतं हे असं मागितल्यावर सांगता येतं होय? ती पवित्र कबरीच्या चर्चमध्ये जायची आणि खांब मोजायची. पश्चिम भिंतीपाशी जायची आणि चिरे मोजायची. शेवटी प्राध्यापकांनी वैतागून वहीवर लाल शाईत लिहिलं, 'गवंडीकाम शिकायला आलीस का?'

राहायला ती शहरातल्या नहलाओत वस्तीत एका चिंचोळ्या गल्लीत होती, सिमहा नावाच्या म्हातारीकडे. सिमहा कुर्दिस्तानातून आलेल्या यहुद्यांतली, विधवा, वय अठ्ठ्याहत्तर. गल्लीतले लहानथोर तिला सावता म्हणत, म्हणजे आजी. जीभ अशी तिखट की भाजीवाला तिला बघूनच भाव उतरवायचा. पण पोरीला ताटावर बसवून वाढायची, दुसऱ्यांदा नको म्हटलं तर रागवायची. स्मारांदाला गावाकडची फारशी आठवण येत नव्हती ती या बाईमुळे.

त्या वर्षी यहुद्यांचा वल्हांडणाचा सण आणि स्मारांदाचा ईस्टर एकाच आठवड्यात आले. झाली का पंचाईत! सिमहाच्या घरात आठवडाभर खमिराचं काही नको. पाव नको, बिस्किट नको, पिठाची कणीसुद्धा नको. आणि स्मारांदाचा ईस्टरपर्यंत उपास, म्हणजे मटण, दूध, अंडं सगळं बंद.

"अगं, मग तू खाणार काय? वारा?" सिमहाने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"बटाटे, सावता."

"बटाटे! आमच्या लोकांनी चाळीस वर्षं वाळवंटात काढली, पण देवाने त्यांनासुद्धा बटाट्यांवर नव्हतं ठेवलं."

सणाआधी घरातलं खमीर एकतर जाळायचं किंवा परधर्मीयाला विकून टाकायचं, ही तिथली रीत. धान्याच्या दारूच्या बाटल्या, डबे, पोती कपाटात बंद करायची, त्या कपाटांसकट सगळा माल सणापुरता दुसऱ्याच्या मालकीचा करायचा आणि सण संपला की परत विकत घ्यायचा. गल्लीचा माल दरवर्षी एक अरब ख्रिस्ती शिंपी घ्यायचा. तो यंदा लेकीकडे परदेशी गेला होता. संध्याकाळी सण लागायचा त्या दिवशी सकाळी रब्बी पिन्हास सिमहाच्या दारात उभे राहिले. खोलीएवढ्या यहुदी प्रार्थनाघराचे हे धर्मगुरू, दाढी पांढरी, चपला दोन वेगवेगळ्या.

"पोरी, गल्ली विकत घेतेस का?" त्यांनी विचारलं.

कागद झाला. स्मारांदाने पन्नास शेकेल इसारा दिला, सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून रब्बींचा रुमाल रीतीप्रमाणे हातात उचलला आणि सही केली. रब्बींनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला.

"नीट ऐक," ते म्हणाले. "हे नाटक नाही. आजपासून हे तुझं. वाटेल तेव्हा उघड, वाटेल ते घे."

मागे भिंतीला टेकून निस्सीम उभा होता. तिळाच्या कडक कडबोळ्यांची त्याची बेकरी गल्लीच्या तोंडाशीच. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. "घेतंय कोण, रब्बी!" तो हसला. "इतकी वर्षं झाली, कुणी कधी किल्ली घेऊन आलंय का? देवही हसत असेल वरून."

रब्बी हसले नाहीत. स्मारांदाने मात्र रब्बींचा शब्द न् शब्द ऐकला आणि खरा मानला. तिच्या खेड्यात सही केली की केली.

गुरुवारी दुपारी तिला मदर तेओफानाचा फोन आला. जुन्या शहरातल्या एका छोट्या रुमानियन मठात ही जोगीण स्वयंपाक बघायची, आणि स्मारांदा तिच्या हाताखाली अधूनमधून भांडी घासायची. मदर जवळजवळ रडत होती. "साठ बायकांची बस आलीय गं, मोल्दोव्हाच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या. घेवड्याचं सूप केलंय, पण पीठ संपलं. येताना बाजारातून दहा किलो आण, पैसे देते."

बाजारात जायला स्मारांदा उठली आणि दारातच थांबली. निस्सीमच्या कोठारात तिची स्वतःची वीस पोती पडली असताना पीठ विकत आणायचं? आईला कळलं असतं तर तिने फोनवरूनच कान उपटला असता. निस्सीम बायकापोरांना घेऊन तिबेरियाला तळ्याकाठी गेला होता. पण मालकिणीने विचारायचं तरी कुणाला? तिने कोठार उघडलं, एक पोतं आणि खमिराचा एक डबा काढला. गल्लीत कण सांडून कुणाचा सण बाटायला नको म्हणून सगळं स्वतःच्या चाकाच्या बॅगेत भरून चेन लावली आणि कुलूप पुन्हा घातलं.

सिमहा ओट्यावर बसली होती. "काय आहे त्यात?"

"पीठ, सावता. माझं."

सिमहाने बॅगेकडे बघितलं, कोठाराकडे बघितलं आणि ती उठून आत गेली. ही बाई गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे पोरीला कळायला हवं होतं. पण ती घाईत होती.

मठाच्या स्वयंपाकघरात तिने कोपरापर्यंत हात घालून पीठ मळलं. पाव भट्टीतून निघाले तेव्हा साठ म्हाताऱ्या अंगणात लाकडी बाकांवर बसल्या होत्या. सकाळभर दगडांवर डोकं टेकून रडून त्यांचे डोळे सुजले होते. गरम पाव हातात पडला आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, सुनांच्या चुगल्या, गुडघ्यांची दुखणी, बसच्या ड्रायव्हरला शिव्या. एकीने विचारलं, "पोरी, पीठ कुणाचं?"

"एका यहुदी बेकरीवाल्याचं... नाही नाही, माझं."

"दोघांचंही भलं होवो," म्हातारी म्हणाली आणि पावाचा अर्धा तुकडा रुमालात बांधून पिशवीत टाकला. घरी मोल्दोव्हाला न्यायचा होता म्हणे.

स्मारांदाला इतकं बरं वाटलं की काय करावं सुचेना. तिने कोपऱ्यात बसून वही काढली. तिने लिहिलं की आज मी काहीही मोजलं नाही; ज्यांनी सणासाठी पीठ घराबाहेर केलं आणि ज्यांनी उपासात ते खाल्लं, त्यांची एकमेकांशी ओळखही नाही; त्या दोघांच्या मधे मी उभी होते, हात पिठाने भरलेले होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी पवित्र जागी आहे. लिहून झाल्यावर ती एकटीच हसली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा गल्लीत निस्सीमचा आवाज दुमदुमत होता. तिबेरियाहून गाडी पळवत आला होता तो.

"चोर! आमच्याच घरात राहून, आमच्याच ताटात जेवून चोरी! उद्या संध्याकाळी शब्बाथचा विसाव्याचा दिवस लागायच्या आत ही पोरगी गल्लीतून गेली पाहिजे. नाहीतर मी पोलिसांत जातो!"

"माझी सही आहे," स्मारांदा म्हणाली.

तिने सिमहाकडे बघितलं. सिमहा झग्याच्या बाहीशी चाळा करत खाली बघत राहिली. "उद्या रब्बी बघतील," एवढंच म्हणाली आणि आत गेली. निस्सीमच्या आरडाओरड्यापेक्षा तेच जास्त लागलं. घर गेलं म्हणजे कॉलेजही गेलं. चोरीचा डाग घेऊन आलेल्या मुलीला कोण ठेवतो? त्या रात्री तिने कपडे त्याच बॅगेत भरले. सगळ्या कपड्यांना पीठ लागलं. तिने झटकलंसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी रब्बी आले. अर्धी गल्ली गोळा झाली. रब्बींनी निस्सीमला हाताने गप्प केलं आणि स्मारांदाला विचारलं, "किती घेतलंस?"

"दहा किलोचं एक पोतं. आणि खमिराचा एक डबा."

"काय केलंस त्याचं?"

"पाव. साठ बायकांनी खाल्ले."

"उरलं?"

"एका आजीने अर्धा तुकडा घरी नेला. बाकी काही नाही."

रब्बी पायरीवर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा लोकांना वाटलं म्हाताऱ्याला काही झालं. पण ते हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते.

"एकेचाळीस वर्षं मी हा कागद करतोय," ते म्हणाले. "आणि दर वर्षी मनाला विचारतो, पिन्हास, ही विक्री आहे की तू देवाला बनवतोयस? माल घेणारा कधी येतच नाही! अरे, आज आली! किल्ली लावून, स्वतःचं पीठ घेऊन, पाव करून खायला घातले तिने!"

"पण रब्बी, मला न विचारता..." निस्सीम म्हणाला.

"तुला का विचारायचं? तू कोण त्या पिठाचा?" रब्बी उठून उभे राहिले. "हे बघ निस्सीम, सोपं आहे. ही चोर असेल, तर पीठ तुझं होतं. पीठ तुझं होतं, तर वीस पोती खमीर आठवडाभर घरात ठेवून तू वल्हांडणाला बसलास. आता तूच सांग. ही चोर आहे की मालकीण?"

गल्लीतल्या बायका हाताआड खुदखुदू लागल्या.

"मालकीण," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"मालकीण! शंभर वेळा मालकीण!" निस्सीम ओरडला आणि स्मारांदाकडे वळला. "बाई, आणखी एक पोतं घे ना! साखर घे! तीळ घे, चांगले आहेत! पण घे, सगळ्यांदेखत घे!"

गल्ली खो खो हसली. निस्सीमही हसला, नाइलाजाने आधी, मग मनापासून, आणि त्याने स्मारांदाची माफी मागितली. स्मारांदाने त्याला सांगितलं की तिळाचं ती विचार करून कळवेल.

दुपार कलली. शब्बाथची भांडी चुलीवर होती. स्मारांदा खोलीत बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होती, तेव्हा सिमहा दारात आली. ती आत येईना.

"तो फोन मी केला," ती म्हणाली. "तिबेरियाला. तू पोतं नेताना बघितलं आणि माझ्या मनात तोच शब्द आला. सात महिने माझ्या हातचं जेवलीस तू, आणि माझ्या मनात तो शब्द आला."

स्मारांदाच्या हातातला स्वेटर तसाच राहिला. राग आला तिला, चांगलाच आला. "सावता, मी तुम्हाला सांगितलं होतं माझं आहे म्हणून."

"सांगितलंस. तू खरं मानलं होतंस. मी नव्हतं." सिमहाने झग्याच्या गळ्यातून एक बारीक किल्ली काढली. "सगळ्यांनी किल्ल्या दिल्या. मी सही केली आणि ही ठेवून घेतली. माझ्या कपाटात व्हिस्कीची एक बाटली आहे, आमच्या यांनी उघडलेली. दोन पेले प्यायले आणि आठवड्याने गेले. अकरा वर्षं झाली. दर सणाला मी ती विकते म्हणते आणि कधी विकलीच नाही. मीच लबाड, आणि चोर म्हटलं तुला."

तिने किल्ली स्मारांदाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटवली.

"आता विकली," ती म्हणाली. "खरोखर. उघड, ओत, पी, तुझी आहे."

स्मारांदाला रडू आलं आणि हसूही आलं. "आज कसं पिऊ? आज आमचा शुभ शुक्रवार. पाण्याशिवाय काही नाही."

"मग रविवारी पी."

"रविवारी पिईन. एक पेला."

"दोन पी," सिमहा म्हणाली. डोळे पाण्याने भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच करडा होता. "ते एकावर कधी थांबायचे नाहीत. आणि मला सांग, अजून चांगली आहे का."