वळण न घेता

जयंतीने पितळी नट प्रवासी लाँचच्या लाकडी मॉडेलच्या वरच्या डेकवर रचले आणि टाकीतली लाँच बोटाने जराशी वळवली. लाँच उलटली, नट तळाशी गेले. मुलं हसली.

"चालकाने घाईत वळण घेतलं," ती म्हणाली. "वर गर्दी, खाली मोकळं. लागली वाट."

तेजल हसली नाही. तिचा फोन दप्तराला टेकवून उभा होता, कॅमेरा सुरू. बुडालेल्या जहाजांच्या तासालाच तो असायचा. बाकीच्या तासांना नसतो, हे जयंतीने व्हरांड्यातून डोकावून पाहिलं होतं.

अंधेरीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात जहाजं अभ्यासक्रमात नव्हती. डिझाइनमधल्या चुका जहाजांवरून शिकवायच्या, ही जयंतीची स्वतःची पद्धत. विभागप्रमुख श्यामसुंदर सरांना ती खटकायची. परवा त्यांनी तिचं वर्गातलं एक वाक्य तिलाच जसंच्या तसं ऐकवलं होतं.

वर्ग रिकामा झाल्यावर तिने तेजलला थांबवलं.

"हे व्हिडिओ सरांना पाठवतेस?"

"सरांना कशाला? ते तर मागच्या दारात उभे राहून ऐकतात. तुम्ही फळ्याकडे वळलेल्या असता."

"मग कोणाला?"

"आईला."

"तुझ्या आईला जहाजांत एवढा इंटरेस्ट?"

तेजलने फोन मुठीत घट्ट धरला.

"आज दाखवलीत ना, ती लाँच माझे बाबा चालवत होते. त्यातच गेले. सगळे म्हणतात, त्यांनी एकदम वळवली. आई म्हणते, वळवलीच नाही. मॅडम, सरळ गेली असती तर?"

 जयंतीने बाही वर सारली, नट पाण्यातून काढून पुन्हा रचले.

"आईला व्हिडिओ कॉल लाव."

या वेळी तिने लाँच वळवली नाही. माणसं काहीतरी बघायला कठड्याशी धावतात, तसे चार नट फक्त एका बाजूला सरकवले. लाँच उलटली.

"खऱ्या लाँचवर वरचा डेक मागाहून चढवलेला होता," जयंती फोनकडे बघून म्हणाली. "इथे तो काढला तर असं होणार नाही."

पडद्यावर तेजलची आई, कमल, नर्सच्या गणवेशात होती. 

"मॅडम, पोरीला बरं वाटावं म्हणून तर नाही ना केलंत?"

जयंतीच्या कपाळावर आठी आली आणि विरली.

"उद्या या. स्वतःच्या हाताने करून बघा."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून कमल आली. तिने आधी लाँच उलटी करून तळ चाचपला, कानाशी नेऊन हलवून पाहिली.

"तुम्ही जरा लांब उभ्या राहा," ती जयंतीला म्हणाली.

नट तिने स्वतः रचले, स्वतः सरकवले. लाँच उलटली. पुन्हा केलं, पुन्हा उलटली. मग तिने वरचा डेक काढला आणि तेवढेच दुसरे नट खाली रचून एका बाजूला सरकवले. लाँच कलली, डुलली, सावरली.

कमलने टाकीचा काठ धरला. तिचे खांदे हलू लागले.

"रडतेस काय गं, आई?" तेजल म्हणाली. "तुला तर आधीपासून माहीतच होतं ना?"

कमलने मुलीकडे पाहिलं नाही. टाकीत कोपरापर्यंत हात घालून ती तळाशी पडलेले नट वेचू लागली.